वादीच्या स्कूटरवर प्रतिवादी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमचे बाबा चढले, आणि तेही वादीच्या स्कूटरवर मागे बसून. वादी म्हणजे शेजारचे काका. "दोघांनी वेगवेगळ्या रिक्षा कशाला करायच्या?" हा कोथरूडी युक्तिवाद दोन्ही पक्षांना मान्य होता!

दावा आमच्या जांभळाच्या फांदीचा. जून लागला की ती काकांच्या पांढऱ्या गाडीवर रांगोळी घालते.

पुकारा झाला तेव्हा दोघंही गायब. मी धावत टपरीवर गेलो, तर तिथे खरी मिसळ कुठली यावर कडाक्याचं भांडण. जांभळाचं नावही नाही. (मिसळीचा दावा मात्र कुणी लावत नाही.)

गिनेस बुकात पुण्याच्या एका खटल्याची नोंद होती: दावा १२०५ सालचा, निकाल १९६६ चा. ७६१ वर्षं! वाद कशाचा, तर समारंभात आणि सणावारी मान पहिला कुणाचा. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग आपलं वेळेत चाललंय."

पुढची तारीख ऐन जूनमध्ये. काका म्हणाले, "अहो, येताना डबाभर जांभळं आणा."

"छे, तो मुद्देमाल आहे," बाबा म्हणाले आणि हेल्मेट चढवलं.