चाळशी आणि एक 'नाय'

चाळशी लागली हे मी दोन वर्षं कबूल केलं नाही. हात लांब करत करत वाचत राहिले. आधी औषधाच्या बाटलीवरची अक्षरं गेली, मग हॉटेलातलं मेनूकार्ड, मग मोबाइल. शेवटी हातच पुरेना, तेव्हा दुकानाची पायरी चढले. मराठीत या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय, त्यामुळे लपवायची सोय नाही. चाळशी म्हटलं की जन्मदाखलाच नाकावर चढवल्यासारखा.

आम्ही वेल्समध्ये कार्डिफला राहतो. क्वीन स्ट्रीट म्हणजे इथला लक्ष्मी रोड, फक्त गाड्या वजा. त्याच्या किल्ल्याकडच्या टोकाला ब्रिटनचे एकेकाळचे आरोग्यमंत्री अनायरिन बेव्हन यांचा पुतळा आहे. नावातलं मधलं 'नाय' तेवढं उचलून सगळं वेल्स त्यांना नाय म्हणायचं, अजूनही म्हणतं. नव्या चष्म्याचं भलंमोठं बिल पर्समध्ये कोंबून पुतळ्यासमोरून जाताना मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. या माणसाने चष्म्यापायी मंत्रिपद सोडलं होतं.

बेव्हन १८९७ साली ट्रेडेगारला जन्मले. कोळशाच्या खाणींचं गाव, वडील खाणकामगार, आणि मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून खाणीत. खाणीचं नाव टी-ट्रिस्ट. वेल्श भाषेत त्याचा अर्थ दुःखी घर! बारसं करणारा कोण होता कोण जाणे, पण खरं बोलून गेला. एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा तिथल्या युनियन शाखेचा अध्यक्ष झाला. तोही बोलताना अडखळणारा. एखादा शब्द जिभेवर अडला की त्याच अर्थाचा दुसरा शब्द पटकन पुढे करायचा, म्हणून पठ्ठ्याने समानार्थी शब्दांचा कोश पालथा घातला. पुढे पार्लमेंटात चर्चिलसारख्यांना ज्या शब्दांचे फटके बसले, त्यांतले काही या अडखळण्यातूनच आले असणार असं मला वाटतं. सरळ बोलता येणाऱ्याला एवढे शब्द कशाला लागतात?

पण मला खरं थांबवलं ते त्यांच्या डोळ्यांनी. त्या काळी खाणकामगारांना निस्टॅग्मस नावाचा विकार व्हायचा. जमिनीखाली स्फोटाची भीती, म्हणून दिवा जाळीत बंद. त्याचा उजेड आपल्या देव्हाऱ्यातल्या समईपेक्षा फार नसेल. त्या मिणमिणत्या उजेडात काळ्या भिंतीवर काळा कोळसा शोधत वर्षं गेली की डोळ्यांची बुबुळं आपोआप थरथरायला लागायची. माणूस वर सूर्यप्रकाशात आला तरी त्याच्या नजरेपुढचं जग हलतच राहायचं. बेव्हनना हा विकार होता. १९१८ मध्ये सैन्यभरतीला गेले नाहीत म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांनी कोर्टात निस्टॅग्मसचा दाखला पुढे केला आणि खटला बारगळला. वडिलांचं नशीब तेवढंही नव्हतं. कोळशाच्या धुळीने छाती भरून ते १९२५ मध्ये गेले. हा धंद्यातून झालेला रोग म्हणून तेव्हा यादीतच नव्हता, त्यामुळे भरपाई शून्य.

ट्रेडेगारमध्ये एक चांगली गोष्ट मात्र होती. कामगार पगारातून दर पौंडामागे काही पेन्स गावच्या वैद्यकीय मंडळात भरायचे आणि त्यातून अख्ख्या गावाला डॉक्टर, औषध, दवाखाना मिळायचा. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त नंबर ज्याचा लागेल त्याला नाही, जो आजारी पडेल त्याला. युनियनच्याच पैशावर लंडनच्या लेबर कॉलेजात शिकून आलेले, १९२६ च्या खाणींच्या टाळेबंदीत गावाचं पोट सांभाळणारे बेव्हन १९२९ मध्ये खासदार झाले आणि १९४५ मध्ये आरोग्यमंत्री. मंत्री झाल्यावर त्यांनी केलं ते एवढंच, की गावातली व्यवस्था उचलून देशाला लावली. तुम्हा सगळ्यांचं आम्ही ट्रेडेगार करणार, असं ते म्हणायचे. डॉक्टरांच्या संघटनेने थयथयाट केला, पण ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

आणि लोक धावले कशासाठी? चष्म्यासाठी. पहिल्या वर्षात ५० लाखांहून जास्त चष्मे वाटले गेले. टीकाकार म्हणाले, फुकट म्हटल्यावर झुंबड उडणारच. पण त्याआधी काय होतं? गरीब माणूस वुलवर्थच्या दुकानात जायचा, काउंटरवरचे तयार चष्मे एकेक करून नाकावर चढवायचा आणि ज्यातून बऱ्यापैकी दिसेल तो घेऊन घरी यायचा. माझ्या आजोबांनी चिपळूणच्या बाजारात अगदी अशीच चाळशी घेतली होती. एक काडी तुटली तर तिथे सुतळी बांधली. घरात पेपर एक आणि चष्मा एक, त्यामुळे आजी आजोबांच्या नंबरातून वाचायची. तिला खरंच काही दिसायचं की ती नुसतीच पानं उलटायची, हे आम्ही कधी विचारलं नाही. ते ५० लाख लोक हावरट नव्हते हो, इतकी वर्षं अंदाजाने जगत होते.

सरकारी चष्म्याच्या फ्रेमी ठरावीक होत्या, काही तर चांगल्याच कुरूप. गुलाबी प्लॅस्टिकची फ्रेम घालून शाळेत गेलेल्या मुलांनी काय काय ऐकून घेतलं, ते इथली साठीतली मंडळी अजून सांगतात. त्यातलीच एक गोल घाटणी पुढे जॉन लेननने घातली आणि ती फॅशन झाली.

एप्रिल १९५१. कोरियाचं युद्ध चालू, शस्त्रसज्जतेवर तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चायचे ठरलेले. अर्थमंत्री गेट्स्केल यांनी बजेटात चष्मा आणि कवळी यांची अर्धी किंमत लोकांकडून घ्यायची ठरवली. त्यातून त्या वर्षी मिळणार होते १ कोटी ३० लाख. तोवर बेव्हन कामगारमंत्री झाले होते, म्हणजे चष्मा त्यांच्या खात्याचा राहिलाही नव्हता. पंतप्रधान ॲटली स्वतः इस्पितळात पडून होते, समजूत घालायची ती तिथूनच. समजूत पटली नाही. बेव्हननी राजीनामा दिला, पाठोपाठ हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमननीही.

आता हेही सांगायला हवं, की औषधाच्या चिठ्ठीवर आकार लावायची तरतूद १९४९ मध्ये झाली, तेव्हा आरोग्यमंत्री बेव्हनच होते आणि त्यांनी मान तुकवली होती. शिवाय त्या राजीनाम्यात गेट्स्केलशी असलेली खुन्नसही होती, असं पुष्कळ जण म्हणतात. असेल. पण घरातली भांडणं आठवून बघा. माणूस फ्लॅट विकल्यावर गप्प बसतो आणि चहाच्या कपावरून घर सोडतो. त्या कपात आधीचं बरंच काही साचलेलं असतं. इथे तर थरथरत्या बुबुळांची आख्खी खाण साचली होती.

चष्म्याचे पैसे लागू झाले ते झालेच.

त्या रात्री आईला फोन लावला. ती चिपळूणला. पहिला प्रश्न अपेक्षित होता.

"कितीला पडला गो?"

मी पौंडात सांगितलं. पलीकडे गुणाकार चालल्याची शांतता. मग, "तेवढ्यात इथे सगळ्या वाडीला चाळश्या आल्या असत्या."

विषय बदलावा म्हणून मी दुकान, रस्ता, पुतळा असं सगळं सांगत सुटले. खाणीतला पोरगा, डोळे, राजीनामा. आईने मन लावून ऐकलं.

"बरा होता की माणूस. नाव काय त्याचं?"

"नाय."

"नाय काय? आत्ता एवढं सांगितलंस, आणि नाव ठाऊक नाय?"