विरळ हवेतली हाय बॉनेट

मनालीहून लेहला जाताना वाटेतल्या सरचूला पहाटे साडेपाचला आमच्या जुन्या जीपच्या बॉनेटवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. सेल्फ मारला की ‘टक्’ एवढाच आवाज यायचा. थंडीने बॅटरीतला जीव गेला होता आणि इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट झालं होतं. बाबांनी मागच्या सीटखालून लोखंडी हँडल काढलं आणि माझ्या हातात दिलं.

“आधी स्विच बंद ठेवून चार-पाच वेळा फिरव, ऑइल मोकळं होऊ दे. आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव. मूठ आवळून धरू नकोस.”

“का?”

“इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे. अंगठ्यात अडकलं तर अंगठा मोडतो. आणि खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.”

ते स्वतः गाडीत जाऊन बसले. एक हात चोकवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. चोक अर्धाच ओढला, कारण इतक्या उंचीवर तसंही पेट्रोल जास्तच जातं. तिसऱ्या ओढीला इंजिनाने एक खोकला काढला, चौथ्या ओढीला चारही सिलिंडर लागले. आपल्या दंडाच्या ताकदीवर इंजिन सुरू होणं म्हणजे काय, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्या क्षणासाठी सगळा प्रवास पुन्हा करायला मी तयार आहे.

गाडी 1966 सालची आहे. विलीज या अमेरिकी कंपनीच्या परवान्याखाली महिंद्राने आपल्याकडे बांधलेली सीजे-3बी, म्हणजे जीपवाल्यांच्या भाषेत ‘हाय बॉनेट’. हे नाव तिला इंजिनामुळे मिळालं. हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकायला बॉनेट उचलावं लागलं. सुमारे 2,200 सीसी, नवी असताना 72 अश्वशक्ती, तीन गिअर. बाबांनी तरुणपणी सर्वेक्षणाच्या कामावर अशीच जीप चालवली होती. मला ही गाडी मिळाली तेव्हा तिच्या पत्र्यातून जमीन दिसत होती. चासी उघडी करून वाळूच्या माऱ्याने गंज काढण्यापासून स्प्रिंगचे पाटे नव्याने बसवण्यापर्यंत अडीच वर्षं गेली. बदल अगदी मोजके केले. त्यातला एक म्हणजे पुढच्या चाकांना बसवलेले फ्री-व्हीलिंग हब, म्हणजे चाकं अ‍ॅक्सलशी हवी तेव्हा जोडणारे, नको तेव्हा मोकळी सोडणारे. त्यांची गोष्ट पुढे येईल. दुसरा बदल पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्यांचा आणि पंपाच्या डायफ्रॅमचा. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्यात फुगतं, चिरा पडतात. जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी रंगावर खर्च करण्याआधी या नळ्या बदलाव्यात, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

नोंदणीबद्दल बरेच जण विचारतात. 2021 साली केंद्राने 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद केली. त्यांना ‘व्हीए’ मालिकेतला क्रमांक मिळतो. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर आणता येते. मला ही गाडी चालवायची होती. म्हणून जुनी साधी नोंदणीच ठेवली आणि फिटनेस तपासणी करून तिचं नूतनीकरण करून घेतलं.

मैदानातल्या प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर 5.38 असल्याने ताशी 60 किलोमीटरच्या वर इंजिन ओरडायला लागतं, आणि आम्ही त्याच्यावर जबरदस्ती केली नाही. पाठीमागून येणारे ट्रक हॉर्न न वाजवता बाजूने जायचे. काही ड्रायव्हर हात वर करायचे. सप्टेंबरचा पहिला आठवडा मुद्दाम निवडला होता. जुलैमध्ये बर्फ वितळून नाले भरलेले असतात आणि ऑक्टोबरमध्ये खिंडींचा भरवसा नसतो.

मनालीनंतर अटल बोगदा. 9.02 किलोमीटर लांब, 2020च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला. रोहतांगची खिंड डोक्यावर ठेवून आम्ही डोंगराच्या पोटातून पलीकडे गेलो. बोगद्याच्या एका तोंडाला देवदार आणि ढग, दुसऱ्या तोंडाला कोरडं ऊन आणि चंद्रा नदी. कॅनव्हासच्या टपाखाली तीन गिअरच्या त्या घरघरीचा असा प्रतिध्वनी उठला की एकमेकांशी बोलणं शक्यच नव्हतं. तांदीला चंद्रा आणि भागा एक होतात. तिथल्या पेट्रोल पंपावरची ‘पुढचा पंप 365 किलोमीटर’ ही पाटी या रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येकाच्या लक्षात असते. आमची टाकी साधारण 40 लिटरची, शिवाय मागच्या बाजूला दोन जेरीकॅन. चढावर ही गाडी लिटरला किती देईल याचा मी घरी केलेला हिशोब बाबांनी न बोलता निम्म्यावर आणला. त्यांचाच बरोबर निघाला.

जिस्पाला आम्ही दोन रात्री राहिलो. उंची सुमारे 3,200 मीटर. बाबा 68 वर्षांचे, पुढचा मुक्काम सरचू म्हणजे एकदम हजारभर मीटर वर. शरीराला वेळ देणं गरजेचं होतं. पण खरं सांगायचं तर गाडीलाही तो वेळ हवा होता. केलाँगच्या चढावरच सायलेन्सरमधून काळा धूर दिसायला लागला होता. प्लग काढले तर चारही काजळीने माखलेले. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही. आजकालच्या गाड्यांत संगणक ते मोजून पेट्रोल कमी करतो. इथे मात्र जेटच्या भोकातून पेट्रोल जवळजवळ तेवढंच येत राहतं आणि जोडीला प्राणवायू कमी. 5,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. म्हणजे आमच्या 72 अश्वशक्तींपैकी चाळिसेकच खिंडीपर्यंत पोहोचणार होत्या, त्याही मिश्रण नीट जुळलं तर.

मी दोन लहान मेन जेट घेऊन गेलो होतो. नदीच्या काठी सतरंजी अंथरून कार्बोरेटर उघडला, मधल्या मापाचा जेट बसवला. मग बाबांनी इंजिन चालू ठेवून प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर सैल केला आणि हाताने किंचित फिरवत टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेतलं. विरळ हवेत मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी आधी पडलेली बरी. माझ्याकडे टायमिंग लाइट होता. त्यांनी तो घेतलाच नाही. डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी आवाज घट्ट, गोल झाला. “इथे आवळ,” म्हणाले. नंतर मी लाइट लावून पाहिलं. मॅन्युअलमधल्या खुणेपेक्षा तीनेक अंश पुढे होतं, जे मी स्वतः करायचं ठरवलं होतं नेमकं तेच. आयुष्यभर ज्या माणसाला मी कमी बोलणारा समजत आलो, तो एवढं बारकाईने ऐकत होता.

झिंगझिंगबारच्या पुढे एक नाला रस्त्यावरून वाहत होता. सकाळी आठच्या आत तिथे पोहोचायचं हे आधीच पक्कं केलं होतं, कारण ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला दुप्पट होतो. पाणी बंपरच्या खालच्या कडेला लागेल इतकं होतं. पुढचे हब हाताने लॉक केले. पंख्याने पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवू नये म्हणून फॅनबेल्ट उतरवला. इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा एक लिव्हर फोर बाय फोरला, दुसरा लो रेंजला, म्हणजे कमी वेग आणि जास्त ओढ, गिअर पहिला. क्लचला पाय लावायचा नाही, थांबायचं नाही, घाई करायची नाही. दगडांवरून गाडी अशी गेली की स्टिअरिंगमधून प्रत्येक गोटा तळहाताला लागत होता. पलीकडे गेल्यावर लगेच बेल्ट चढवला आणि पुढचा अर्धा किलोमीटर ब्रेक हलके दाबत गाडी चालवली. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरलं की पहिल्या दोन-तीन वेळा पेडलला काही उत्तरच मिळत नाही.

बारालाचाची उंची सुमारे 4,890 मीटर. सूरजतालचं पाणी इतकं निळं की बाबांनी गाडी थांबवायला सांगितली आणि कितीतरी वेळ काठावर बसून राहिले. सरचूला पोहोचेपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागलं होतं. रात्रभर मी दर तासाला उठून त्यांना हाक मारत होतो. डोकेदुखी वाढली असती, उलट्या झाल्या असत्या, तर अंधारातच गाडी खाली वळवायची हे ठरलेलं होतं. पहाटे ते स्वतःहून उठून बसले. “उतरलं,” म्हणाले. त्यानंतरची हँडलची गोष्ट सुरुवातीला लिहिलीच आहे.

आता ते हब. गाटा लूप्सवर 21 वळणं आहेत, एकावर एक रचलेली. निम्म्या ताकदीच्या इंजिनाला तिथे लो रेंज हवी होती. पण या जीपच्या ट्रान्स्फर केसची रचना अशी की फोर बाय फोर लावल्याशिवाय लो रेंज पडत नाही. आणि पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल मधे नसल्याने डांबरी रस्त्यावरच्या तीव्र वळणात पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मग शाफ्ट पिळले जातात, स्टिअरिंग दगडासारखं होतं. हब उघडे ठेवले की लिव्हर फोर बाय फोरला असला तरी पुढची चाकं मोकळी फिरतात. लो रेंजची ओढ मिळते आणि वळणंही सुटतात. फक्त सगळा भार मागच्या अ‍ॅक्सलवर येतो, म्हणून अ‍ॅक्सिलरेटर अलगद द्यायचा. दुसरा गिअर, ताशी 12-15 किलोमीटर. एकेक वळण मोजत वर गेलो. चौदाव्यानंतर खाली पाहिलं तर आपणच आलेला रस्ता नाडीसारखा पडलेला दिसला.

नकी-लाच्या चढावर इंजिन धापा टाकायला लागलं आणि बंद पडलं. बॉनेट उघडलं. इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपाला काचेची छोटी वाटी असते. त्या वाटीत पेट्रोल नव्हतं, बुडबुडे होते. उंचीवर द्रव कमी तापमानाला उकळतात. पाण्याचंच पाहा, 5,000 मीटरवर ते 83 अंशांच्या आसपास उकळतं. चढावर तापलेल्या इंजिनाशेजारच्या नळीत आमचं पेट्रोल वाफ होऊन बसलं होतं. जुने ड्रायव्हर याला एअर लॉक म्हणतात. पंपाला आणि नळीला ओलं फडकं गुंडाळलं, गाडीचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि वाट पाहिली. एक लष्करी ट्रक थांबला. चालवणारा जवान पंचविशीचा असेल. त्याने बॉनेटखाली डोकावून पाहिलं, काचेच्या वाटीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे दिसतं बाहेरून?” बाबांनी त्याला सगळा पंप समजावून सांगितला, पंधरा मिनिटं, मोडक्यातोडक्या हिंदीत. दोघांनाही धाप लागत होती. दोघांनाही थांबायचं नव्हतं. वाटीत पेट्रोल चढताना दिसलं तेव्हा तिघेही एकदम ओरडलो.

लाचुलुंग-ला, पांग, आणि मग मोरेचं पठार. सुमारे 4,700 मीटर उंचीवर चाळीसेक किलोमीटर सपाट, सरळ. तिथे मी उतरून बाबांना चालवायला दिली. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात्यांचा वेग जुळवून देणारी सोय, नसते; थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबावा लागतो. चाळीस वर्षांनी त्यांनी तो न कुरकुरता घातला. काच पुढे दुमडली. वारा थेट तोंडावर येत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी एका हाताने टोपी धरली होती. मी त्या पठाराचा एकही फोटो काढला नाही.

टांगलांग-लाची उंची सुमारे 5,328 मीटर. गाडी वर पोहोचली ती लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. मी इंजिन बंद करायला घाबरत होतो, म्हणून ते चालूच ठेवलं. पुढे रुम्त्से, ग्या, उपशी. उपशीला सिंधू भेटली आणि हवा इतकी दाट वाटली की जीपच्या आवाजातला खर्ज परत आला.

लेहमध्ये पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बॅगा उतरवायला लागलो. बाबा मात्र कुठूनतरी पुठ्ठा शोधून आणून तो गाडीखाली सरकवत होते, इंजिनापासून ट्रान्स्फर केसपर्यंत पुरेल असा. सकाळी आम्ही दोघं तो बाहेर ओढून उन्हात धरून बसलो. तीन डाग होते. एक इंजिन ऑइलचा, मागच्या सीलचा. दोन गिअर ऑइलचे, त्या जाड उग्र वासावरून ओळखू येणारे. बाबांनी बोटाने प्रत्येक डाग चोळून पाहिला.

“पाणी नाही,” म्हणाले. “पेट्रोलही नाही.”

मग ते जेटची डबी उघडून बसले. परतीला मैदानात उतरण्याआधी मोठा जेट परत बसवावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ पडून व्हॉल्व्ह जळतात. तो डबीत आहे ना, हे त्यांना आत्ताच पाहायचं होतं.