ब्रॅकमधलं जोडवं

"अंगठी नाही? मग हा नुसता केक झाला, गर्ल."

शेजारच्या आजी माझ्या ओट्यावरचा वाडगा बघत म्हणाल्या. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये बाई कितीही वयाची असली तरी गर्लच, त्यामुळे बेचाळिशीत मीही गर्ल. त्यांना मात्र मी नावानेच हाक मारायची असा त्यांचा आग्रह. ऐंशीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला सहा वर्षांत माझी जीभ वळलेली नाही. मी आपली हाक न मारताच बोलायला लागते.

ही २०२४ची गोष्ट. नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनलाच आली होती. पहाटे उटणं, संध्याकाळी भुतं. शाळेला सुट्टी होती, आणि लेकीने हट्ट धरला की चिवडा-लाडू झाले, आता ब्रॅकही, म्हणजे हॅलोविनचा इथला मनुकांचा केक, घरीच कर. हॅलोविन मलाही आधी अमेरिकेचं वाटायचं. ते मूळचं इथलं, साऊन नावाच्या जुन्या सणातून आलेलं. स्पेलिंगवरून मी साम्हैन म्हणत होते. आयरिश शाळेत शिकणाऱ्या लेकीने कपाळाला हात लावला. भोपळ्याच्या आधी इथे सलगम कोरायचे. मेयो परगण्यात कॅसलबारजवळच्या राष्ट्रीय संग्रहालयात तसल्या एका सलगमाची प्रतिकृती आहे. ती बघितल्यावर भोपळा बाळसेदार वाटतो.

तर बार्मब्रॅक. ब्रॅक म्हणजे ठिपकेदार, आणि ठिपके मनुका-बेदाण्यांचे. पावणेचारशे ग्रॅम सुकामेवा पाव लिटर कडक, गार चहात रात्रभर भिजवायचा. सकाळी ब्राऊन शुगर, एक अंडं, सव्वादोनशे ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर आधीच मिसळलेलं) पीठ आणि चमचाभर मिक्स्ड स्पाइस घालून १७० अंशांवर तास-सव्वा तास भाजायचं. तूप नाही, तेल नाही. अनारसे हसतात, चकल्या तेलात विरघळतात, त्यापुढे हे म्हणजे पोरखेळ, असं मी मनात म्हटलं. (पहिला ब्रॅक साध्या मैद्याचा केला. त्याची वीट झाली. तो विषय इथेच संपवू.)

पण शिळा चहा! आमच्या घरी उरलेला चहा कुंडीत जातो. इथे चहा म्हणजे धर्म आहे. बॅरीज हा १९०१ पासूनचा कॉर्कचा चहा. दुसऱ्या ब्रँडचं खोकं घरात दिसलं तर आजी पाहुण्यासारख्या अवघडून बसतात. आलं-वेलची घातलेला आपला चहा मी त्यांना एकदा दिला, तर म्हणाल्या, "छान आहे, पण चहा कुठाय?" राग आला. चहाचं पान आमच्या आसामात पिकतं, आणि यांनी मला विचारावं! म्हणून मुद्दामच मी त्या मनुका आल्याच्या चहात भिजवल्या. दूध न घालता, एवढी अक्कल होती.

आता अंगठी. ब्रॅकमध्ये वस्तू लपवतात आणि ज्याच्या फोडीत जे निघेल ते त्याचं वर्षाचं भविष्य. नाणं म्हणजे पैसा, चिंधी म्हणजे गरिबी, काडी म्हणजे कटकटीचा संसार, अंगठी म्हणजे लग्न. आणि वाटाणा निघाला तर यंदा लग्न नाही! वाटाण्याच्या अक्षता म्हणजे काय ते यांना कोणी सांगितलं? मी हे आजींना समजावायला गेले, पण अक्षतांपासून सुरुवात करावी लागली आणि गंमत वाटेतच मेली.

दुकानातल्या ब्रॅकमध्ये कागदात गुंडाळलेली स्वस्तातली अंगठी असतेच, पण आदल्या संध्याकाळी फळी रिकामी. साखरपुड्याची अंगठी पिठात घालायला मन धजेना. मग कपाटातली लग्नातली जोडवी आठवली. इथे आठ-नऊ महिने पाय मोज्यात, वर बूट. जोडवी रुततात. मी ती काढून ठेवलीत, हौसेने नाही.

पायातलं तोंडात? मला कळत नव्हतं असं नाही. टूथपेस्टने घासलं, दहा मिनिटं उकळलं, बटर पेपरमध्ये गुंडाळलं. सोनं पायात घालत नाहीत, ते लक्ष्मी म्हणून. चांदीचं तसं नाही. उष्टावणाला वाटी चांदीचीच असते की नाही?

संध्याकाळी दारात एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला भोपळा. लांब कुठेतरी फटाके वाजत होते. इथे त्यांना बंदी आहे, लोक सीमेपलीकडून, उत्तर आयर्लंडमधून आणतात म्हणे. आवाज ऐकून मला भरून आलं, नवऱ्याला पोलीस आठवले. ब्रॅक कापला, जाड लोणी फासलं. वाटाणा आमच्या लेकीला, वय वर्षं अकरा, त्यामुळे आनंदच. आणि कागदाची पुडी निघाली आजींच्या फोडीत.

त्यांनी ती उलगडली. जोडव्याची कडी मागून उघडी, दाबली की बसते. ते थेट करंगळीत बसलं.

"खरी चांदी?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. "आणि आलं चांगलं लागलंय," असंही म्हणाल्या.

ते कुठलं आहे हे सांगायची वेळ तीच होती. नवरा माझ्याकडे बघत होता. मी चहा ठेवायला उठले.

दर रविवारी चर्चला जाताना आजी गाडीतून हात हलवतात, तेव्हा करंगळीत ते चमकतं. सासूबाई, तुम्ही हे वाचत असाल तर डाव्या पायातलं माझ्याकडे नीट आहे.