एका मात्रेचा सांधा

पुण्यातल्या ज्या स्टुडिओत मी ध्वनिमुद्रक म्हणून काम करतो, तिथे गेल्या पावसाळ्यात तिघा मुलांचा एक रॉक बँड आपला पहिला अल्बम रेकॉर्ड करायला आला होता. कडव्यात रेगे (जमैकातले डुलत्या ठेक्याचे संगीत) आणि धृपदात पंक (वेगवान, आक्रमक रॉक) अशी एका गाण्याची बांधणी होती. मात्र कडव्यातून धृपदात शिरताना दर टेकला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रत्येक प्रयत्नात, लय पळत होती आणि दुपारपर्यंत ड्रमरचा चेहरा पार उतरला होता.

मी तिघांना कंट्रोल रूममध्ये बोलावले आणि रेगे व पंक यांची अशीच सांगड घालणाऱ्या ‘द पोलीस’ या ब्रिटिश बँडचा १९७८ साली आलेला पहिला अल्बम, ‘आउटलँडोस दामूर’, लावला. लंडनजवळच्या लेदरहेड गावात, पेशाने डॉक्टर असलेल्या नायजेल ग्रे यांच्या स्टुडिओत, तुटपुंज्या पैशांत तो तयार झाला होता. १९८० च्या मार्चमध्ये हा बँड मुंबईत होमी भाभा सभागृहात वाजवून गेला, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारले. या अल्बममधले ‘रॉक्सॅन’ हे गाणे बँडचा गायक आणि बेसवादक स्टिंगने मुळात बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या अंगाने रचले होते, त्याचा ताल ड्रमर स्ट्यूअर्ट कोपलंडच्या सूचनेवरून बदलला. सुरुवातीला ऐकू येणारा पियानोचा बेसूर आवाज आणि हसू म्हणजे स्टिंग चुकून पट्ट्यांवर बसला तो क्षण. आज आम्ही असले काही लगेच पुसून टाकतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आम्ही थांबलो ते याच अल्बममधल्या ‘सो लोनली’ या गाण्यावर. कडव्यात अँडी समर्सची गिटार मात्रेवर न येता दोन मात्रांच्या मधोमध तुटक वाजते आणि बेसला (खालच्या सुरांच्या गिटारला) मोकळी जागा मिळते. धृपद आले की तीच गिटार सलग धावू लागते आणि ड्रम सरळ ठोक्यावर येतात. दोन्ही शैली एकाच वेळी एकमेकींत कालवलेल्या नाहीत, त्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, आणि त्यांचा सांधा ड्रमरच्या हातात आहे.

आमच्या ड्रमरची अडचण तिथेच होती. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा रिकामी सोडून तिसऱ्या मात्रेवर वजन द्यायचे असते, तर पंकमध्ये नेमकी ती पहिलीच मात्रा ठोकायची असते. हा बदल करताना तो कडव्याच्या शेवटी लांबलचक रोल (ड्रमवरचे सलग जलद ठोके) वाजवत होता आणि त्या भरात पुढे निघून जात होता. मी त्याला रोल पूर्ण काढून फक्त हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) चालू ठेवायला सांगितले, आणि धृपदाच्या पहिल्या मात्रेवर गिटार व किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्रच पडतील एवढेच पाहायला लावले. त्यानंतरच्या टेकला लय जागची हलली नाही.

मिक्सिंगला बसल्यावर गिटारवाला बेसचा आवाज कमी करायला सांगू लागला, तेव्हा मात्र मी ठामपणे नाही म्हटले, कारण कडव्यातल्या रेगेचा सगळा भार त्या बेसवरच होता. बेसवाला काही बोलला नाही, पण रफ मिक्सची (कच्च्या मिश्रणाची) प्रत सर्वांत आधी त्यानेच मागितली.