युद्धातलं ब्रिटिश व्यंगचित्र वाचायचं कसं आणि गावच्या शाळेत लावायचं कसं

महायुद्धाच्या काळातलं ब्रिटिश व्यंगचित्र समोर आलं की आपण आधी चेहरे ओळखायला लागतो. हा हिटलर, तो चर्चिल. खरं तर आधी तारीख शोधावी. व्यंगचित्रकार डेव्हिड लोच्या एका चित्रात हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून, कमरेत वाकून एकमेकांना अदबीने शिव्या देताहेत. दोघांच्या मध्ये एक प्रेत पडलंय. तारीख नसेल तर ही दोन हुकूमशहांची नुसती थट्टा. पण ते छापून आलं २० सप्टेंबर १९३९ला, म्हणजे रशियन फौजा पोलंडमध्ये शिरल्यावर तीन दिवसांनी. आता प्रेत कोणाचं ते सांगावं लागत नाही. पुढे जून १९४१मध्ये हिटलर रशियावरच चालून गेला, स्टालिन इंग्लंडचा दोस्त झाला आणि असल्या चित्रांची सोय उरली नाही.

तारखेनंतर पाहायचं ते हे, की हसताहेत कोणाला. शत्रूला हसणं कुठल्याही देशाला जमतं. ब्रिटिशांची चांगली चित्रं स्वतःलाच हसतात, आणि ती रीत पहिल्या महायुद्धातली. ब्रूस बेर्न्सफादर खंदकात लढलेला कॅप्टन होता. ‘बायस्टँडर’ साप्ताहिकात नोव्हेंबर १९१५मध्ये आलेलं त्याचं चित्र: तोफगोळ्याने पडलेला खड्डा, चहूकडे स्फोट, खड्ड्यात गळ्यापर्यंत रुतलेले दोन शिपाई. एक वैतागून दुसऱ्याला म्हणतो (आपल्या बोलीत), “याच्याहून बरा खड्डा ठाऊक असंन तं जा ना बाप्पा तिथं!” जर्मन चित्रात कुठेच नाही. शौर्यही नाही, आहे ती कुरकुर. शिपायांना ते आवडलं ते म्हणूनच.

दुसऱ्या युद्धात व्यंगचित्रकार पॉन्टने हाच सूर लावला. १४ ऑगस्ट १९४०च्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकातल्या चित्रात खेड्यातली दारूची बैठक आहे. माणसं पाइप ओढत, पेले घेऊन निवांत बसलेली. खाली ओळ अशी, की आक्रमणाच्या धास्तीने ब्रिटनची सारी जनता पार हादरून गेली आहे. टोला जर्मन प्रचाराला आहे. इथे एक घोटाळा हमखास होतो: हे चित्र दाखवून ‘इंग्रज घाबरले नव्हते’ असं सांगितलं जातं. चित्रातून तेवढं सिद्ध होत नाही. आपण कसे दिसावं असं त्यांना वाटत होतं, एवढंच त्यातून कळतं. पण तेही कमी नाही.

तिसरी गोष्ट, चित्र कोणी काढवून घेतलं. फूगास या व्यंगचित्रकाराची लाल काठाची पोस्टर्स प्रसिद्ध आहेत: बसमध्ये दोन बाया गप्पा मारताहेत आणि मागच्या सीटवर हिटलर आणि त्याचा हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग कान देऊन बसलेत. ही १९४०ची सरकारी मोहीम, ‘बेसावध बोलणं जीव घेतं’ सांगणारी. सरकार धाक न घालता हसवून समजावतंय, हाही त्या काळाचा पुरावाच, पण लोकमत म्हणून तो वाचू नये. उलट टोक फिलिप झेकचं. मार्च १९४२मध्ये ‘डेली मिरर’मध्ये त्याने तराफ्याला चिकटलेला, बुडत्या जहाजातून वाचलेला खलाशी काढला. ओळ अशी: पेट्रोलचा भाव एक पेनीने वाढला, सरकारी घोषणा. झेकला म्हणायचं होतं, पेट्रोल उधळू नका, त्यापायी माणसं मरताहेत. सरकारने अर्थ काढला, की खलाशी मरतात आणि नफा कंपन्या खातात. गृहमंत्री मॉरिसनने पेपर बंद करण्याची तंबी दिली. थट्टेला मोकळीक होती, पण ती कुठवर, ते या प्रकरणात दिसतं.

आणि आपण कुठे? १८ जून १९४०ला लोने एकटा शिपाई समुद्राकाठी विमानांना मूठ दाखवताना काढला: ठीक आहे, एकटे तर एकटे! महिनाभराने ‘पंच’मध्ये फूगासने उत्तर दिल्यासारखं चित्र काढलं. एक शिपाई म्हणतो, आपलं बिचारं साम्राज्य जगात एकटं पडलं. दुसरा म्हणतो, हो ना, सगळे पन्नास कोटी. विनोद झकास आहे, पण १९४१च्या जनगणनेत हिंदुस्थानच जवळजवळ एकोणचाळीस कोटी भरला. त्यांना या युद्धात ओढताना व्हाइसरॉयने इथल्या पुढाऱ्यांना विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी, १६ ऑगस्ट १९४२ला, त्याच पन्नास कोटींतल्या, विदर्भातल्या चिमूर आणि आष्टीत ‘चले जाव’ म्हणत लोक उठले आणि पोलिसांच्या गोळ्या चालल्या, तेव्हा काय झालं ते आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. वर्गात फूगासचं चित्र आणि चिमूर-आष्टीचं पान शेजारी ठेवावीत.

आता लावण्याचं. लोची चित्रं कुंचल्याच्या ठसठशीत काळ्या रेषांची, त्यामुळे तालुक्याच्या साध्या झेरॉक्सवरही ए-४ची ए-३ करताना (१४१ टक्के) टिकतात. बेर्न्सफादरची करड्या छटांची, ती झेरॉक्सवर काळीकुट्ट होतात. त्यांची प्रिंटच काढावी. चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर खालची ओळ फुटते. फॉरवर्ड करताना ती ओळ कापली तर जातेच, आणि झेकच्या चित्राचा निम्मा अर्थ त्या ओळीत आहे. तारीख आणि पेपरचं नाव खात्रीचं हवं असेल तर केंट विद्यापीठाच्या व्यंगचित्र संग्रहाच्या संकेतस्थळावर शोधावं.

आठवीच्या पोरांना सुरुवात मारबतीपासून करून द्यावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवत, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत महागाईपासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना हाकलतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मग ओळीवर कागदाची पट्टी चिकटवून चित्र दाखवा, त्यांना स्वतःची ओळ लिहू द्या, नंतर पट्टी काढा. एका तासिकेत दोन चित्रं पुरतात; पाच घेतली की मास्तरच बोलत राहतो. भिंतीला चिकटवू नका, श्रावणात ओल धरते. सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा, म्हणजे तारखेप्रमाणे मागेपुढे सरकवताही येतात.