गाडीकडे पाठ करून

परवा दुपारी भांडुप स्टेशनाबाहेर मी गाडीकडे पाठ करून पळत होते. इंडिकेटरवर एक मिनिट दिसत होतं, सगळी माणसं प्लॅटफॉर्मकडे धावत होती आणि मी एकटी उलट्या दिशेला, मोबाइल समोर धरून. रेल्वेच्या तिकिटाच्या ॲपचं म्हणणं असं, की मी रुळांच्या फार जवळ आहे. तिकीट हवं तर लांब व्हा. रिक्षा स्टँड झाला, वडापावची गाडी झाली, शेवटी शहाळ्यांच्या ढिगापाशी ते राजी झालं. दहा रुपयांचं भांडुप-दादर आलं आणि गाडी गेली.

हा नियम का आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. टीसी दिसला की मोबाइल काढणारे आपल्यातलेच. मध्यंतरी स्टेशनातच तिकीट निघावं म्हणून भिंतींवर क्यूआर कोड लावले होते, तर लोकांनी त्याचेच फोटो काढून ठेवले. लेडीज डब्यात एकदा माझ्यासमोरच्या मुलीने टीसीबाई दारातून आमच्या बाकापर्यंत येईतो तिकीट काढलं होतं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. कमीतकमी 250 रुपयांचा दंड अंगठ्याच्या दोन हालचालींत टळला. तिकीट खरं, पैसेही खरे. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तिला लागला होता तो अंगठा मलाही आहे.

स्मार्ट कार्डही आहे माझ्याकडे, स्टेशनातल्या तिकिटाच्या मशीनचं, म्हणजे एटीव्हीएमचं. पण त्यात पैसे भरायला खिडकीच्या रांगेत उभी राहिले तेव्हाच त्याच्यावरून मन उडालं. रांग टाळायला रांग! मेट्रोचं बरं असतं. घाटकोपरला कार्ड टेकवलं की दार उघडतं, नाही टेकवलं तर उघडत नाही. तिथे माणसाला प्रामाणिक असण्याची गरजच पडत नाही. लोकलला दार नाही, साध्या डब्याला असलं तरी ते लावायचं नसतं. सगळी भिस्त तुमच्या खिशातल्या कागदावर.

तो कागद आमच्या लहानपणी कूपन होता. रविवारी आत्याकडे दादरला जायचं तर चौघांसाठी कूपनांचं पुस्तक निघायचं. भाडं जुळेपर्यंत एकेक कूपन मशीनच्या फटीत सारायचं, खट्ट आवाज व्हायचा, शाई पुसट उमटायची. त्या खट्टसाठी मी आणि दादा भांडायचो. तेव्हाही हुशार मंडळी कोरी कूपनं खिशात ठेवून प्रवास करायचीच, उतरताना टीसी दिसलाच तर मशीन शोधायची.

एका रविवारी भांडुपची दोन्ही मशिनं बंद. खिडकीची रांग जिन्यापर्यंत. आई म्हणाली, "चला हो, गाडी आली." आम्ही चढलो. बाबा दादरपर्यंत उभे. बसायला जागा होती, तरी उभे. संध्याकाळी परतताना दादरच्या मशीनपाशी त्यांनी कूपनं पंच करायला घेतली ती थांबेचनात. खट्ट, खट्ट, खट्ट. मागे रांग लागली.

"अहो, किती?" आई.

"सकाळची राहिलीत ना."

भांडुपच्या पुलावर नेमका टीसी. त्याने कूपनं मोजली, मग आमची डोकी मोजली.

"माणसं चार, आणि ही एवढी कशाला?"

"चौघांची आत्ताची, चौघांची सकाळची," बाबा म्हणाले.

तिकीट नसलेल्या माणसाचं काय करायचं हे रेल्वेच्या नियमांत लिहिलेलं आहे. दुप्पट तिकीट असलेल्याचं काय करायचं, ते त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याला यात काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं. कूपनं उलटी करून पाहिली, उजेडात धरली, आमच्या पिशवीकडेही एक नजर टाकली. पाच मिनिटं आम्ही कडेला उभे, आणि तेवढ्यात आमच्या मागून किती फुकटे पूल उतरून गेले असतील देव जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, कारण त्यांच्यात आमच्या वर्गातला एक मुलगा होता आणि तो हसला.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना ते पुस्तक सापडलं, रबर बँड चिकटून बसलेलं. 2015 च्या सुमाराला कूपनं बंद झाली, आत थोडी कोरी तशीच राहिली. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा मोजली.

"एकवीस रुपये आहेत रेल्वेकडे आपले," ते म्हणाले आणि पुस्तक परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. टाकून द्यायला काही तयार नाहीत.

परवा घरी आल्यावर त्यांना शहाळ्यांच्या ढिगाची गोष्ट रंगवून सांगितली. दहा रुपयांच्या तिकिटापायी गाडी सोडली, तर निदान एखादं शाबास मिळेल असं वाटलं होतं.

"मग पुढच्या गाडीला बसायला मिळालं का?" बाबांनी विचारलं.

मिळालं. दुपारचं मिळतंच.