नेंड्रम: भरतीच्या पाण्यावर दळणारा मठ

नेंड्रमला जाणारे बहुतेक जण टेकडीवरचं बघून परततात. एकात एक अशा तीन दगडी तटबंद्या, चर्चच्या भिंती, गोल मनोऱ्याचा बुंधा. खरा ठेवा मात्र खाली, भरतीच्या रेषेवर आहे.

नेंड्रम आहे उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्ड लॉख या खाडीतल्या माही बेटावर. संत मोखीनं ५व्या शतकात इथे मठ स्थापला अशी परंपरा आहे, बेटाचं नावही त्याच्यावरूनच पडलं. बेटावर चक्की फिरवेल असा ओढा नाही. म्हणून मठवासीयांनी किनाऱ्यावर बांध घालून तळं केलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागली की कोंडून ठेवायचं आणि बाहेरची पातळी पुरेशी उतरली की पन्हाळीतून चाकावर सोडायचं. आपल्याकडच्या खाजणातली मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, नेमकी उलट चालते: भरती बाहेर रोखते, ओहोटीला आतलं पाणी सोडते.

चाक आडवं होतं. उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला पाती, वरच्या टोकाला जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड. मध्ये दातेरी चाकं नाहीत. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्याला तळीचाही एकच फेरा, आणि पन्हाळीतून येणारी धार जोरकस हवी. ओहोटी पुरेशी उतरण्याआधी पाणी सोडलं तर चाक बुडतं, पात्यांना पाण्याचाच अडथळा होतो. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला तळं कमी भरतं, दळणही कमी होतं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे दळणाची वेळ कधी भर दुपारी, कधी मध्यरात्री. प्रार्थनेच्या घंटेला बांधलेल्या मठात हे जमवणं सोपं नव्हतं.

१९९९ नंतरच्या उत्खननात ओकची लाकडं सापडली. त्यांच्या वाढीच्या वलयांवरून पहिल्या चक्कीचा काळ ६१९ ते ६२१ असा ठरला. उत्खननात सापडलेल्या भरतीवरच्या चक्क्यांत ही सर्वांत जुनी. ७८९ च्या सुमारास तिथेच दुसरी चक्की उभी राहिली, तिची पन्हाळ दगडी.

९७६ मध्ये इथला मठप्रमुख स्वतःच्या घरात जळून मेला, अशी नोंद आयरिश बखरींत आहे. व्हायकिंगांनी जाळलं असं सर्रास लिहिलं जातं. नोंदीत तसं म्हटलेलं नाही. पुढे मठ ओस पडला आणि जागेचा इतका विसर पडला, की मनोऱ्याच्या बुंध्याला लोक चुन्याची भट्टी समजत. १८४४ मध्ये पुरातन अवशेषांचे अभ्यासक विल्यम रीव्ह्ज यांनी तो ओळखला.

टेकडीवर एक भान ठेवा. १९२२ ते १९२४ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक लॉलर यांनी खोदकाम केलं, तेव्हा भिंती पुन्हा रचल्या आणि सूर्यघड्याळाचे तुकडेही जोडून उभे केले. तिथली बरीच रचना त्या वेळची आहे.